शुभदा मॅडमचे प्रोटॉन

शुभदा गांधे राहायच्या महाडला. पोलादपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला त्या रोज एस्टीनं जायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यांचं एकाच वाक्याशी हाडवैर जमलं होतं: ‘मायटोकाँड्रिया हे पेशीचे वीजघर आहे.’ प्रश्न कुठलाही असो, उत्तरपत्रिकेत हे वाक्य हजर. घरीसुद्धा हाच विषय. त्यांचे यजमान गंगाधरराव जेवताना हात जोडायचे. ‘‘अगं, भात आधी गिळू तर दे, मग काढ त्याचे इलेक्ट्रॉन.’’

त्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, ‘‘वीजघर म्हणता ना? मग तिथं वीज होते कशी?’’

प्रवीण उभा राहिला. ‘‘वायरमन येतो, मॅडम.’’

मॅडमनी खडू ठेवला आणि अख्खा वर्ग मैदानावर नेला.

मैदानाच्या कडेला कंबरेएवढा दगडी गडगा होता. तो मायटोकाँड्रियाचा आतला पडदा ठरला. गडग्यालगत चार पोरं ओळीनं उभी केली. ती पडद्यात बसलेली प्रथिनांची कॉम्प्लेक्स. टेनिसचा चेंडू म्हणजे अन्नातून आलेला इलेक्ट्रॉन. तो हातोहात पुढं जाईल, आणि त्या जोरावर कॉम्प्लेक्स उरलेल्या पोरांना, म्हणजे प्रोटॉनना, गडग्यापलीकडं ढकलतील.

‘‘दोन नंबरचा मात्र कुणालाच ढकलत नाही. त्याला वेगळा चेंडू मिळतो, तो त्यानं नुसता तीन नंबरकडं द्यायचा.’’

‘‘मॅडम, मी दोन नंबर!’’ गणूनं ताबडतोब जागा धरली.

ओळीच्या टोकाला रेश्मा ऑक्सिजन म्हणून उभी राहिली. शेवटी चेंडू तिनं झेलायचा. बाहेर दाटी झाली की प्रोटॉन आत घुसू बघणार, पण वाट एकच: गुरांना अडवायला बसवलेलं, एकेका माणसालाच आत सोडणारं फिरतं लोखंडी फाटक. तिथं पूजा राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा घेऊन बसली. तीन-चार प्रोटॉन फाटक फिरवत आत आले की तिनं डब्यातून एक लाडू काढायचा. लाडू म्हणजे एटीपी, पेशीला कामाला लागणारी ऊर्जा.

सुरुवात झकास झाली. मग एकाएकी ओळ तुंबली. चार नंबरच्या दोन्ही हातांत चेंडू, काखेत तिसरा, आणि मागून सगळे त्याच्यावर खेकसतायत.

‘‘ऑक्सिजन कुठाय?’’ मॅडम ओरडल्या.

‘‘नळावर गेलीय, पाणी प्यायला.’’

‘‘बघा! ऑक्सिजन नसला की सगळी साखळी अशीच ठप्प होते!’’ मॅडमना रागाऐवजी आनंदच झाला.

रेश्मा धावत आली, चेंडू सुटले, पोरं भराभर पलीकडं गेली. पण फाटक काही फिरेना. मॅडमनी गडग्यावरून वाकून पाहिलं. बाहेर आनंदीबाईंची वड्यांची गाडी होती, आणि सगळे प्रोटॉन तिथं तोंड भरून उभे होते.

‘‘अरे, आत या! पेशी मरेल!’’

‘‘खाऊ द्या की बाई,’’ आनंदीबाई म्हणाल्या. ‘‘पोरांना भूक हाय. पेशी थांबंल वाईच.’’

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ‘‘हजेरी आत लागणार आहे!’’

अशी झुंबड उडाली की विचारू नका. नेमके त्याच वेळी प्राचार्य मुरारी सर बाहेरून येऊन फाटकात शिरले होते. मागून लोंढा आला. सर आत आले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. पूजा हरखून लाडूंवर लाडू काढत होती. दोघं-तिघं गडग्याच्या पडक्या भागातून उड्या मारायला लागले, तशा मॅडम किंचाळल्या, ‘‘तिथनं नको रे! तिथनं आलात तर लाडू नाही, नुसती उष्णता!’’

शेवटी सर एकदाचे सुटले. चष्मा कानावरून लोंबत होता. आता नोकरीवर गदा येते की काय, असं मॅडमना वाटलं.

‘‘गांधे मॅडम,’’ सर धापा टाकत म्हणाले, ‘‘मी आत्ता कोण होतो?’’

‘‘प्रोटॉन, सर.’’

सरांनी चष्मा नीट केला, पूजाच्या हातातला एक लाडू उचलला आणि खात खात ऑफिसात गेले.

संध्याकाळच्या एस्टीत मॅडमना बसल्या बसल्या अशी गाढ झोप लागली, की महाडला कंडक्टरनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं जाग आली.