अण्णांनी लावून दिलेला वार

परशरामअण्णा गावडे यांची आणि माझी पहिली भेट निपाणीजवळच्या रस्त्याच्या कामावर झाली, तीही बोलणी खाऊनच. मी शहापूरच्या विणकर घरातला, नुकता डिप्लोमा झालेला सर्वेअर. ते कामावरचे मुख्य इंजिनिअर. नकाशावर मी आखलेली रस्त्याची रेघ सरळ आली म्हणून मी खुशीत होतो. अण्णांनी नकाशा पाहून विचारले, “ह्या गावचा बाजार कुठल्या वारी असतोय?”

मला ठाऊक नव्हते.

“बाजाराचा वार ठावं न्हाय, आन् रस्ता काढतोयस व्हय रं? त्या दिशी गाड्या, म्हशी, पाट्या घेऊन बायका, सगळी कुठनं यायची?”

रेघ बदलली. तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की मी आधी वार विचारतो.

अण्णा खानापूर तालुक्यातल्या भातशेतीच्या घरात वाढले. आपल्या भागात मराठी-कानडी वाद कितीही तापला, तरी बाजारात मिरची दोन्ही भाषांत विकली जाते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. “मानसं बाजारात भांडत्यात, पर फुडच्या वारी परत त्याच दुकानात येत्यात,” असे ते म्हणत.

पुढे कंपनीने रस्ता बांधायला त्यांना अफगाणिस्तानात पाठवले, तेव्हा त्यांनी मलाही नेले. नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावे होती, युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेली. आम्ही पुलासाठी रोवलेल्या खुंट्या सकाळी उपटलेल्या दिसायच्या. महिन्यात काम सुरू झाले नाही तर पूल सोडून द्या, असा कंपनीचा निरोप आला. आम्ही सगळ्यांनी जादा पहारा मागितला. अण्णांनी बाजाराचा वार विचारला.

दोन्ही गावांचा बाजार गुरुवारी, निव्वळ ईर्षेपोटी; त्यामुळे एका काठाचा माल दुसऱ्या काठाच्या बाजारात जातच नव्हता. अलीकडच्या काठावर जर्दाळू कुजत होते आणि पलीकडच्या काठावर गिऱ्हाईक मिळत नव्हते.

अण्णांनी दोन्हीकडचे म्हातारे आमच्या तंबूत बसवले आणि आपल्या खास खानापुरी हिंदीत सांगितले, “एक वार तुम करो, एक वार वो करेंगे, फिर झगडा किस बात का?”

आमचा दुभाषी हमीद पांढरा पडला. ‘वार करो’ म्हणजे घाव घाला असा अर्थ होतो, हे अण्णांच्या ध्यानातच आले नव्हते. बिचाऱ्याने जसेच्या तसे भाषांतर केले. मी घाईघाईने ‘वार यानी दिन, बाजार का दिन’ असे समजावले, तेव्हा पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, “घावाचे वार तर आम्ही तीस वर्षे करतोच आहोत, त्यासाठी इंजिनिअर कशाला हवा?” पहिल्यांदा अलीकडचेही हसले. एकाने सोमवार घेतला, दुसऱ्याने गुरुवार ठेवला. त्यानंतर खुंट्या उपटल्या गेल्या नाहीत आणि पूल झाला.

याच काळात माझी आई आजारी पडली. अण्णांनी स्वतःच्या सुट्टीची पाळी मला दिली. त्या सुट्टीत त्यांच्या पहिल्या नातवाचे बारसे होते, हे मला अण्णांच्या पत्नीकडून, वहिनींकडून, कितीतरी वर्षांनी कळले.

पुढे तिकडे पुन्हा लढाई पेटली आणि पूल उडवल्याची बातमी आली. अण्णा निवृत्त होऊन खासबागेत राहत होते. त्यांनी तो विषय बंदच केला. आपले सगळे वाया गेले असे त्यांना वाटत होते.

मागच्या महिन्यात हमीदचा मला फोन आला, तेव्हा मी अण्णांच्याच घरी बसलो होतो. तो म्हणाला, “पूल गेला, पण सोमवार-गुरुवार चालू आहेत. दोन्ही गावांनी मिळून बाजाराला ये-जा करायला नदीवर ओंडके टाकलेत.” मी हे अण्णांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, “ओंडके कसल्या लाकडाचे हाईत, इचार रं.”

या माणसाच्या हाताखाली मी शिकलो, याचा मला फार अभिमान आहे.

अण्णा, आजच्या पंचाहत्तरीनंतरही बाजाराच्या वारी पिशवी घेऊन तुम्ही खासबागेतून चालत निघावे, गुडघ्यांनी तक्रार करू नये. शंभरी गाठावी. आणि तो पूल पुन्हा बांधायचा दिवस येईल, तेव्हा रेघ मी आखावी आणि चूक तुम्ही काढावी.