चावीवाल्याची टाच

सकाळी उठल्यावर आबा लगेच जमिनीवर पाय टेकत नसत. ओट्यावरच्या बाजेवर बसूनच ते एक जुना वरवंटा खाली आडवा घालत आणि त्यावर तळपाय पुढे-मागे फिरवत. मग पायाची बोटं हातात धरून आपल्याकडे ओढत. एवढं झालं की वहाणा घालून उभे राहत, आणि पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबत, कुणी मागून हाक मारल्यासारखे.

"पयलं पाऊल खोटं बोलतं," ते मला सांगत. "म्हनतं, आज काय तुज्यानं चालवनार न्हाई. त्याचं ऐकलं की मानूस बसला."

तो वरवंटा मुळात स्वयंपाकघरातला. मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, एका सकाळी तो त्यांच्या पायाखाली पाहिला आणि पुन्हा घरात घेतला नाही. "ह्याची चटनी आता तुमीच खावा," एवढंच म्हणाल्या. बाजारातून नवा वरवंटा येईपर्यंत त्या घरात चटणी झाली नाही.

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आमचं दार आबांच्या दाराला लागून होतं. आबा चावीवाले होते. रूळ जागेवर राहावेत म्हणून ज्या चाव्या ठोकलेल्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं ढिल्या होतात. हातोडा खांद्यावर टाकून रोज आपल्या टापूतली लाइन चालत जायची आणि ढिली चावी ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. खडीवरून आणि रुळांखालच्या स्लिपरांवरून इतकी वर्षं चालून उजवी टाच दुखायला लागली होती. तुमच्या ओळखीचा एखादा माणूस असेल बघा, ज्याला स्वतःच्या दुखण्यामुळे जगाचं तेच दुखणं आधी दिसतं. आबा तसे होते. माणसाच्या पायांकडे ते आधी बघत, तोंडाकडे सावकाश.

चाळीतल्या बायका त्यांच्याकडे टाचा घेऊन येत. आबा वीट तापवायला लावत, तिच्यावर रुईचं पान ठेवत आणि त्यावर टाच हळूहळू दाबायला सांगत. "चटका घ्यायचा न्हाई, शेक घ्यायचा. घाई केली त्यानं कातडं घालवलं," हे ठरलेलं वाक्य. भातलावणीहून आलेल्या बायकांना ते बोटांच्या बेचक्या कोरड्या करून करंजाचं तेल लावायला सांगत, म्हणजे चिखल्या होत नाहीत. कुणी बरं वाटल्याचं सांगायला आलं की म्हणत, "बरं वाटतंय तवाच करायचं आसतं. दुखतंय तवा कुनीबी करतं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्याला जाताना वडिलांनी मला बूट घेऊन दिले होते, आणि ते टणक होते हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा सरळ चालायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आबा ओट्यावर बसले होते.

"कालेजात लंगडायला शिकिवत्यात व्हय रं?"

"नाही आबा, जरा…"

"बूट काढ. पाय दाव."

त्यांनी अंगठ्यानं टाच दाबत नेमकी जागा शोधली. मी ओरडलो तशी त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन आपल्या घोंगडीचा कोपरा कापून आणला, त्याची दुहेरी गादी केली आणि बुटात टाचेखाली बसवली. वडील संकोचून म्हणाले, "आबा, आवो घोंगडी कशाला कापता?" आबा म्हणाले, "थंडी काय, जाईल. पोरगं चाललं पायजे."

त्यांच्या स्वतःच्या वहाणेतही असाच तुकडा होता. तो झिजून धोतराच्या कापडासारखा पातळ झाला होता, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लढाईच्या दिवसांत मालगाड्या वाढल्या, चाव्या जास्त ढिल्या होऊ लागल्या आणि आबांची टाच बिघडत गेली. घरी परतताना ते चवड्यावर चालत. उन्हाळ्यात कळलं की रेल्वेचे डॉक्टर लाइनीवरच्या माणसांची तपासणी करायला येणार आहेत. ज्याचे पाय चालणार नाहीत त्याला फाटकावर बसवायचं ठरलं होतं.

मावशींना यात वाईट काही दिसेना. "बसवत्यात तर बसा की. फाटक उगडायचं, लावायचं."

"फाटकावर म्हातारी मानसं बसत्यात."

"मंग तुमी कोन हाय?"

आबा वहाणा घालून बाहेर पडले. मला मात्र ते नंतर म्हणाले, "लाइनीवर मी हात वर केला का डायवर बारकी शिटी देतो. माज्यासाठी देतो ती. फाटकाला समदेच शिटी मारत्यात, त्यात माजं काय?" तेव्हा मला समजलं की त्यांचं काय जाणार होतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारातून उग्र वास आला. मी डोकावलो. आबा सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून बसले होते. बिब्ब्याचं काळं तेल भेगेवर थेंबभरच लावायचं, हे त्यांनीच सगळ्या चाळीला शिकवलेलं. ते मात्र अख्खी टाच माखत होते.

"आबा, एवढं लावतात?"

"आतलं दुखनं भाईर काडील. उद्याच्याला मोकळा पाय पायजे मला."

सकाळी बिब्बा उतला. टाच भाकरीसारखी फुगली आणि फोडांनी भरली. मावशी खोबरं वाटून लावत होत्या आणि रागावत होत्या. "जगाला सांगताय घाई करू नका. सोताची टाच कुटं गहान ठिवली हुती?"

तरीही आबा तपासणीला गेले. काय झालं ते त्यांनीच संध्याकाळी ओट्यावर सांगितलं. डॉक्टरांनी वहाणा काढायला लावल्या आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"म्या म्हनलं, सायेब, आमच्या चाळीत एक वैदू हाय. मी त्याला लय शाना समजत हुतो."

डॉक्टर हसले म्हणे. पण त्यांनी टाच हातात घेऊन नीट दाबून पाहिली. फोड जातील, पण ही टाच आता खडीवर चालवू नका, म्हणाले. वहाण उचलून आतला झिजलेला तुकडा बोटानं चाचपत म्हणाले, "आधी हा तुकडा बदला." चाळीतल्या लोकांना हे सांगताना आबा हसत होते. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी घोंगडी आणि कात्री आबांच्यापुढे ठेवली.

कुसगावच्या वाटेवरचं फाटक त्यांना मिळालं. सुरुवातीला ते लाइनीकडे पाठ करून बसत. पण फाटक लागलं की माणसं थांबतात, आणि थांबलेल्या माणसाचे पाय दिसतात. गवताचे भारे घेऊन लोणावळ्याला निघालेल्या बायका, दूधवाले, भाजीवाले. मी पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा एक दूधवाला दगडावर बसला होता आणि आबा म्हणत होते, "गाडी येऊस्तवर पाय दाव. कुटं पळून जातंय तुजं गिऱ्हाईक."

वरवंट्यानं आणि विसाव्यानं टाच सुधारली. चावीवाला कमी पडला तेव्हा मुकादम त्यांना परत बोलवायला आला. चार दिवसांचं काम होतं, पण लाइनीवरचं. आबांनी लाइनीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नगं. हितं सावली बरी हाय."

"व्हय, सावली," मावशी मला म्हणाल्या. फाटकापाशी तेव्हा एकही झाड नव्हतं.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आबा गेले. परीक्षा असल्यामुळे मला घरी उशिरा कळवलं. सुट्टीत कुसगावकडे जात होतो, तर फाटक लागलेलं होतं. एक तरुण फाटकवाला हिरवं निशाण धरून उभा होता. डोक्यावर भारा असलेली एक बाई आली. तिनं भारा उतरवला, दगडावर बसली आणि गाडी येण्याच्या दिशेनं बघत बघत उजवा पाय पुढे केला. टाच थोडी वर उचलून ती तशीच बसली. मग तिनं मान वळवली, त्या पोराकडे पाहिलं आणि पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.