किल्लीकाकूंची भिंत

आमच्या बिल्डिंगमध्ये मला 'कवी' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. टाकी भरून वाहिली, जिन्यातला दिवा दिवसभर जळत राहिला, की बंद करायला कोण विसरलं? कवी. छापखान्यात मुद्रितं तपासून मी पोट भरतो, हे कुणाच्या गावीही नसतं. त्यातून माझ्या कवितांत ना चंद्र, ना चांदणं. आमची गल्ली, दोरीवरचे पायजमे, भिंतीपलीकडची भांडणं, म्हाताऱ्यांचे खोकले. "तुझ्या कवितेतल्या नळाला तरी पाणी येतं का रे?" असं किल्लीकाकूंनी मला भर जिन्यात चारचौघांदेखत विचारलं होतं.

किल्लीकाकू तळमजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत एकट्या राहायच्या. शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात त्यांचा जन्म गेला. नवरा लवकर वारला, मुलगा शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. काकू काम सोडून घरी बसल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी दुपारभर कुलूपबंद दारापाशी आईची वाट बघत बसायची. काकूंनी तिच्या आईला फैलावर घेतलं आणि किल्ली मागून घेतली. ती पहिली. मग एकेक करत साऱ्या बिल्डिंगच्या जादा किल्ल्या काकूंच्या भिंतीवर आल्या. खिळ्यांच्या रांगा, पण नावाची चिठ्ठी कुठेच नाही. प्रत्येक किल्लीला शर्टाच्या कापडाची एक चिंधी बांधलेली, आणि कुठली चिंधी कुणाची ते काकूंच्या डोक्यात. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर न्हाणीघरात पडले तेव्हा दार काकूंनी उघडलं, म्हणून ते वाचले. माझी किल्ली तर खिळ्यावर कमी आणि माझ्या हातात जास्त असायची. कधी कधी मी धावतपळत मागायला जायचो आणि काकू, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणत माझ्याच खिशाकडे बोट दाखवायच्या.

मुलगा सुट्टीत आला की म्हणायचा, आई, आता माझ्याकडे चल. काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं. लोकांची घरं माझ्या भिंतीवर टांगलीत, मी कशी येऊ? तो हसून परत जायचा.

मग काकूंच्या हातून चिंध्यांची गल्लत व्हायला लागली. याची किल्ली त्याला, त्याची हिला. आधी आम्ही हसलो. पण एकदा नर्सबाई कामावरून आल्या तर त्यांच्या घरात एक अनोळखी माणूस पंखा दुरुस्त करत उभा. त्याला जायचं होतं शेजारी. त्यानंतर कुणी हसलं नाही. पुढे काकू गॅसवर दूध ठेवून विसरल्या, भांडं जळून कोळसा झालं, खोलीभर धूर. मुलगा रजा टाकून आला.

तो घरोघर गेला, माझ्याकडेही आला. चांगला माणूस, कानशिलांवरचे केस पिकलेले. म्हणाला, ती किल्ल्यांपायी हटून बसलीय. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या परत घेतल्या, तर तिला थांबायला निमित्त उरणार नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, निमित्त कसलं, माणसाचा जीव असतो त्यात, तो काय खिळ्यावरून काढून घ्यायचा? नाही नाही ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"उद्या तिने गॅस उघडा ठेवला, तर तुम्ही असाल का तिथे?"

तो बरोबर बोलत होता, म्हणून राग आणखी आला.

मग लोक एकेक सबब घेऊन काकूंच्या दारात जाऊ लागले. कुणी कुलूप बदललं म्हणे, कुणाकडे पाहुणे यायचे होते. काकू निमूट चिंधी सोडायच्या आणि किल्ली हातावर ठेवायच्या. साधी केरसुणी आणली तरी केवढ्याला म्हणून विचारणारी ही बाई, पण आता एका शब्दाने विचारत नव्हती. त्यांना सगळं कळलंय, हे मला त्यावरून समजलं. येता-जाता उघड्या दारातून मोकळे खिळे दिसायचे. मी किल्ली मागायला गेलो नाही. एवढ्या एका किल्लीसाठी तरी थांबतील, असं वाटत होतं. खुळी आशा, दुसरं काय.

एका सकाळी त्याच माझा जिना चढून वर आल्या. धाप लागली होती. माझी किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, काकू, मी मागितली नव्हती.

"तू मागणार नाहीस, ठाऊक आहे मला. म्हणून तर आले. पोराचा जीव टांगणीला लागतो रे माझ्यापायी."

मला रडू फुटलं. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, पदराने पुसला आणि परत माझ्या नाकावर बसवला. मग कठड्याला धरून हळूहळू खाली गेल्या.

त्या निघाल्या तेव्हा सगळी बिल्डिंग दाराशी जमली होती. येत जा हं काकू, असं जो तो तोंडदेखलं म्हणत होता. काकूंनी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. तिला एक चिंधी बांधलेली होती.

"तुझ्याकडे असू दे. धांदरट आहेस, पण निदान शोधशील तरी. मी आले की लागेल."

ठेवतो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या गाडीत बसल्या. मुलगा काहीतरी राहिल्याचं सांगून परत माझ्यापाशी आला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. खोली विकलीय, असं हळूच म्हणाला. हे काकूंना अजून कुणी सांगितलं नव्हतं. नव्या माणसांना किल्ली द्यायची होती. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने नुसता हात पुढे केला.

काकू काचेतून माझ्याकडे बघून हात हलवत होत्या. मीही एक हात वर करून हलवला, आणि दुसऱ्या हाताने किल्ली देऊन टाकली.