निबंधाची जोरदार सुरुवात

अंगाला लावायच्या पावडरचा वास आला की लेकीचा इच्छामरणावरचा निबंध आठवतो. सुरुवात जोरदार हवी म्हणून मी, आयुष्यभर रजेचे अर्ज लिहिलेला लेखक, पुढं सरसावलो. "खाटेला खिळलेल्या जिवाला आपण कुणासाठी अडवून ठेवतो?" हे वाक्य औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी खड्या आवाजात वाचलं. पलीकडं वर्षभर अंथरुणात असलेले माझे वडील म्हणाले, "लई भारी लिवलंस रे." मी फुशारलो, लेकीनं मात्र वही मिटली. त्यानंतर कूस बदलायला, पाठीला पावडर लावायला त्यांनी मला कधी हाक मारली नाही. विचारलं तर म्हणायचे, "काय दुखत नाय. तू तुझं काम कर." पाठीवरच्या जखमा आम्हाला फार उशिरा दिसल्या. "अण्णा, ते तुमच्याबद्दल नव्हतं," एवढंसं वाक्य तेव्हा या लेखकाला सुचलं नाही, आणि आता ते कुणाला वाचून दाखवू?