मागे उभे राहणारे कॅप्टन दसूकी

महल्ला शहरातल्या आमच्या कापडगिरणीच्या क्लबात, तळघरातल्या व्यायामशाळेत एक नियम होता. खांद्यावर बार घेऊन बैठका मारणाऱ्याच्या मागे कुणीतरी उभं राहायचं, आणि बार पडला तर दोष मागच्या माणसाचा. नियम कॅप्टन दसूकींनी घातलेला. ते मूळचे रंगखात्यातले कामगार. वजन उचलण्यात गिरणीकडून खेळले, आणि गुडघा गेल्यावर क्लबाने त्यांना इथे प्रशिक्षक नेमलं; आमच्याकडे प्रशिक्षकाला कॅप्टनच म्हणतात. सव्वीस वर्षांत ते मागे उभे असताना एकही बार पडला नव्हता. गावात त्यांचं नाव होतं ते याच गोष्टीचं.

मी खरेदी विभागात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून तळघराच्या पायऱ्या उतरलो. कॅप्टननी मला मशीनपाशी नेलं. त्यातला बार दोन उभ्या रुळांत बसवलेला असतो. तो पुढेमागे सरकत नाही, आणि दम संपला की मनगटं वळवून रुळांवरच्या कुठल्याही लोखंडी आकड्यात अडकवता येतो.

"वस्फीसाहेब, तुम्हाला हेच बरं. यात कमीपणा काही नाही."

"आणि तो मोकळा बार?"

"त्याला तोल लागतो. इथे ओझं रूळ सांभाळतात, तिथे तुम्ही. अजून सहा महिने जाऊ देत, मग रिकाम्या बारापासून सुरू करू."

चार महिन्यांत मी ऐंशी किलोंवर गेलो. ऑफिसात ते सगळ्यांना सांगितलं. 'मशीनवर' हे तेवढं सांगायचं राहू दिलं.

एका गुरुवारी भांडारातला अत्तिया दोघांना घेऊन तळघरात आला. मी मशीनमध्ये उभा.

"अहो वस्फी पाशा, ऐंशी किलो ते हे? रुळांवरची गाडी? यात तर माझी सासूसुद्धा शंभर मारेल, आणि वर मला शिव्याही देईल!"

रंगखात्यातले पाच-सहा जण हसले. मी मशीनमधून बाहेर आलो आणि सरळ मोकळ्या बारापाशी गेलो. कॅप्टन आडवे आले.

"याच्याखाली पूर्वी कधी गेलाय?"

"लष्करात असताना. रोज."

लष्करात मी टंकलेखन करत होतो.

कॅप्टननी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यासारखा माणूस सांगतोय, मग विषयच संपला. साठ लावा रे. किती मारणार?"

"पाच."

"बिस्मिल्ला. मी मागे आहे."

पहिली बैठक झाली. दुसरीला खाली गेलो, बार मानेकडे सरकला, पाय लटपटले, आणि चार महिन्यांची सवय हातात होती तशी मी मनगटं वळवली. आकडा शोधत होतो. तिथे आकडा नव्हता. बार एका बाजूने निसटला. कॅप्टननी तो एका हातावर झेलला आणि दुसऱ्याने मला ढकललं. मला खरचटलंही नाही. त्यांचं मनगट मोडलं.

क्लबाच्या समितीने दोघांना बोलावलं. मोकळे बार ठेवायचे की नाहीत, हे त्या दिवशी ठरणार होतं.

"कॅप्टन, कसं झालं?"

"मागे मी उभा होतो," ते म्हणाले. एवढंच.

"वस्फीसाहेब, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही. सगळं फार पटकन झालं."

हे मी अगदी स्वच्छ आवाजात बोललो. मोकळे बार तांता शहरातल्या युवक केंद्राला देऊन टाकले. आता खाली सगळी मशीनंच. कॅप्टन डाव्या हाताने ती पुसत. रंगखात्यातले लोक त्यांच्यासमोरच म्हणत, "हात म्हातारा झाला हो कॅप्टनचा." ते ऐकून मी बैठका मोजत राहायचो.

अकरा आठवडे असे काढले. मग एका दुपारी त्यांना एकटं गाठून सगळं सांगितलं. लष्कराचं, मनगटांचं.

ते डाव्या हाताने मशीन पुसत होते, थांबले नाहीत. "हे मला कशाला सांगता? मनगटं वळवलीत ते मी पाहिलं होतं. खोटं बोललात हे तेव्हाच कळलं."

"मग समितीत का बोलला नाहीत?"

"मागे मी होतो ना. माझ्याकडून झालं ते मी सांगितलं. तुमच्याकडून झालेलं तुम्ही सांगायचं होतंत."

"मी समितीला लिहून देतो."

"द्या. बार काही परत यायचे नाहीत. पण संध्याकाळी पाळी सुटली की ही पोरं येतील. त्यांना वाटतं मी हात सोडला. त्यांना सांगा."

संध्याकाळी मी सांगितलं. मशीनला टेकून, घामेजलेल्या आठ माणसांसमोर, माझ्या पोराच्या वयाच्या माणसांसमोर. अत्तियाही होता. हसेल असं वाटलं होतं, पण तो खाली बघून बुटाची नाडी बांधू लागला. एकजण कॅप्टनजवळ गेला आणि त्यांच्या मोडलेल्या मनगटावर हात ठेवून उभा राहिला.

"पुरे आता," कॅप्टन म्हणाले. "मशीन रिकामं आहे. नंबर कुणाचा?"

माझा होता. तो पुढच्याला सोडून मी पिशवी उचलली आणि पायऱ्या चढून वर आलो.