सित्तांगच्या काठावरची चिंच

जपानच्या अठ्ठाविसाव्या आर्मीवर प्रबंध लिहायला मी कुवेतला निघाले, हे ऐकून रत्नागिरीत शेजारच्या खाला हसल्या. "जपान पूर्वेला ना गं? बी.ए. होऊन दिशा विसरलीस?" पण ती आर्मी ब्रह्मदेशात मोडली, तेव्हा माझे मामू तिथल्या सित्तांग नदीवर लाँच चालवत होते. आता ते कुवेतच्या शुवैख बंदरात एका लाँचवर सारंग, म्हणजे खलाशांचे प्रमुख, आहेत. मामी त्यांच्याकडे निघाल्याच होत्या, त्यांच्यासोबत मीही.

बोटीला डेकचं तिकीट परवडतं. मात्र सतरंजी आणि बोट लागते म्हणून लिंबं बरोबर घ्या. मी लिंबं विसरले आणि कराचीपर्यंत डोकं वर काढलं नाही. शुवैखला उतरलो तर नुसती धूळ. मामूंची खोली गुदामामागे, पाणी टँकरचं. सुरमईचं कालवण तेवढं घरचं.

जेवताना मामूंनी सांगितलं. लढाई संपत आलेली, भर पावसाळा. डोंगरात कोंडलेली ती आर्मी बांबूच्या तराफ्यांवरून पुराची नदी ओलांडत होती. प्रेतं रोज वाहत यायची.

"पुरलीत?"

"कोण पुरणार? बांबूने ढकलायचो. धक्क्याला अडकली की लाँच लागायची नाय."

दुसऱ्या दिवशी एका जपानी बोटीचा इंजिनिअर मामूंच्या लाँचवर चहाला आला. मामू त्याला 'पावणा' म्हणतात. दोघांचं बोलणं खुणांचं आणि चार हिंदी शब्दांचं. मी इंग्रजीत माझा विषय सांगितला, मामू त्या नदीवर होते हेही मी बोलून गेले. त्याने कप खाली ठेवला. त्याचा थोरला भाऊ त्याच आर्मीत होता. नदीपर्यंत पोचला, पुढचं कुणालाच माहीत नाही. मामूंना विचार, म्हणाला, तिथे मेलेल्यांचं काय झालं?

मी मामूंना विचारलं. "सांग त्याला, गाववाल्यांनी पुरलं. चिंचेखाली."

"मामू, काल तर तुम्ही..."

"काल तू विचारलंस. आज भाऊ विचारतोय."

इतिहासात खरं तेच सांगावं, यावरून कॉलेजात मी सगळ्यांशी भांडले आहे. मी इंग्रजीत सांगितलं, पुरलं. चिंचेखाली. त्याने टोपी काढली आणि मामूंपुढे कमरेत वाकला. मामू गडबडले, त्याचा कप पुन्हा भरू लागले. प्रबंध झाला की मला पाठव, एवढं तो जाताना म्हणाला. मी हो म्हटलं.

परतीच्या बोटीवर लिंबं होती, तरी झोप नव्हती. घरी आल्यावर प्रेतांचं वाक्य कितीतरी दिवस लिहायचं टाळलं. परवा ते वाक्य लिहिलं, बांबूसकट, जसं मामूंनी सांगितलं तसं. प्रबंध पुरा झाला. अब्बांनी मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला.

मामूंना मात्र कळवलंय, पावण्याने विचारलं तर सांगा, पोरीच्यानं झालं नाही, अर्ध्यावर सोडलं.