ताईची चौकडी

परवा भर दुपारी मी माझ्या भाऊजींना हाकलून दिलं. तेही त्यांच्याच घरात बसून, एक बटण दाबून.

झालं असं, की ताई गच्चीवरचे कपडे काढायला गेली होती आणि तिचा जुना व्हिडिओ गेम टीव्हीवर उघडाच होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं इस्पितळात सिस्टर होती. तिच्या वॉर्डात नवे डॉक्टरही तिला विचारून पाऊल टाकत. निवृत्त झाली आणि तिने हा खेळ धरला. चार जणांची तुकडी निवडायची आणि भुयारामागून भुयार पालथं घालायचं. माणसं निवडताना ताई वॉर्डाची ड्यूटी लावल्यासारखा विचार करते. तलवारबाज हवा, पण दोन नकोत. मग जखमा कोण बांधणार? म्हणून वैद्य. लांबून आग फेकायला मांत्रिक.

आणि चौथा गवई. तो नुसता गातो. रेड्याएवढे राक्षस अंगावर येताहेत आणि हे महाशय ताना घेताहेत! मला बघवेना. मी गवयाला नारळ दिला, दुसरा तलवारबाज भरती केला आणि वर शहाण्यासारखं सेव्हही करून टाकलं.

तो गवई म्हणजे भाऊजी होते.

भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. पूर्वी तुकडीत गवयाच्या जागी चोर असे. बाकी तिघांना ताई चालवायची. पेट्यांची कुलुपं उघडणारा तो चोर मात्र भाऊजींचा, कारण त्याला बोटं चपळ लागतात. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा ताईने तुकडी नव्याने बांधली. गवयाला एकच बटण पुरतं, डाव्या अंगठ्याचं. दुकान सुटलं, शर्टाची बटणं लावणं सुटलं, एवढं एक उरलं होतं.

मागे खुर्चीत डुलकी काढणारे भाऊजी तेवढ्यात जागे झाले आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "बरं झालं. आता तुम्ही बहीणभाऊच खेळा," म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

ताई आली, तिने सगळं ओळखलं. तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा इंजेक्शन टोचलं असतं तर परवडलं असतं.

"नवा गवई करू की," मी पुटपुटलो.

"आणि त्या कोवळ्या पोराला बाविसाव्या भुयारात नेऊ? अक्कल गहाण टाकलीस का रे? पहिल्याच फटक्याला आडवा होईल तो."

असं म्हणून तिने चौघांनाही पुसून टाकलं. दीड वर्षाची मेहनत!

"अहो, इकडे बघा. पहिल्यापासून सुरू करतेय. तुम्हाला गवईच ना?"

खिडकीकडूनच आवाज आला, "चोर."

ताईचा हात थांबला.

"पहिल्या भुयारातली कुलुपं सोपी असतात," भाऊजी म्हणाले. "डाव्या हाताने बघू."

मग तिने चोर निवडला, उठून त्यांची खुर्ची ओढत टीव्हीसमोर आणली आणि कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला.

मला राहवेना. "ताई, मी कोण होऊ गं?"

"तू सगळ्यांच्या पुढे उभा राहा आणि मार खा."